दोन सरकारं, एकच देश: 'मान्यता' दिली म्हणजे नेमकं काय काय बदलतं?

(एका चर्चेतला संवाद. प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा (प्रश्न)

एखाद्या देशात दोन गट 'सरकार आम्हीच' म्हणून उभे राहतात, तेव्हा बातमीत 'अमुक देशाने तमुक सरकारला मान्यता दिली' एवढंच छापून येतं. वाचताना वाटतं, एक शिक्का मारला की काम झालं. पण तपशील बघायला गेलं तर ताळमेळ लागत नाही. अख्खा अफगाणिस्तान २०२१ पासून तालिबानच्या ताब्यात आहे, तरी संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची त्यांना मिळालेली नाही. व्हेनेझुएलाचे विरोधी नेते ग्वायदो यांना २०१९ मध्ये पन्नासहून जास्त देशांनी मान्यता दिली, पण न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांत, सत्तेवरच्या मादुरोंचाच माणूस बसत राहिला. येमेनचं मान्यताप्राप्त सरकार एडनला आणि राजधानी सना हूथी बंडखोरांच्या हातात.

कोण बरोबर, कोण चूक ही चर्चा इथे नको, मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. खुर्ची कोण देतं आणि कुठल्या कागदावर? परदेशी बँकेत पडलेला राखीव निधी कोणाच्या सहीने निघतो? दूतावासाच्या इमारतीची किल्ली कोणाकडे जाते? आणि एखाद्या परराष्ट्र खात्याचं निवेदन वाचून खरोखर मान्यता दिली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

टाचणवही

आधी एक गाठ सोडवून घेऊ. देशाला मान्यता आणि सरकारला मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अफगाणिस्तान हा देश आहे की नाही, यावर कुणाचाच वाद नाही. तो १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. वाद आहे तो त्याच्या वतीने बोलायचं कोणी, याचा. कोसोव्हो किंवा पॅलेस्टाईनचे दाखले इथे आणले की चर्चा हमखास भरकटते.

आता खुर्ची. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रत्येक अधिवेशनासाठी प्रत्येक देशाला आपल्या प्रतिनिधींचं अधिकारपत्र सरचिटणीसांकडे द्यावं लागतं, शक्यतो आठवडाभर आधी. त्यावर सही चालते ती तिघांचीच: राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री. हा आमसभेच्या कार्यपद्धतीतला नियम २७. नियम २८ प्रमाणे नऊ सदस्यांची अधिकारपत्र समिती ही पत्रं तपासते आणि आमसभेपुढे अहवाल ठेवते. या नवांत अमेरिका, रशिया आणि चीन बहुतेक वर्षी असतातच, त्यामुळे समिती तांत्रिक म्हटली तरी तिथे राजकारण पुरेपूर असतं.

एरवी हे काम कारकुनी असतं. एकाच देशाची दोन पत्रं आली की अडचण सुरू होते. समिती एक पत्र स्वीकारू शकते, दोन्ही नाकारू शकते किंवा निर्णय पुढे ढकलू शकते. खरी मेख 'पुढे ढकलण्या'त आहे. नियम २९ सांगतो, की ज्या प्रतिनिधीवर आक्षेप आला आहे तो निर्णय होईपर्यंत तात्पुरता बसेल आणि त्याला इतरांइतकेच हक्क असतील. त्यामुळे जो आधीपासून बसलेला आहे त्याच्या दृष्टीने 'निर्णय नाही' हाच अनुकूल निर्णय. १ डिसेंबर २०२१ ला समितीने अफगाणिस्तान आणि म्यानमार ही दोन्ही प्रकरणं अशीच ढकलली आणि पुढेही तेच होत राहिलं. म्यानमारच्या लष्कराने ज्यांना बडतर्फ केलं होतं ते राजदूत क्यॉ मो तुन त्यामुळे जागेवर राहिले.

पण ढकलण्याचा अर्थ दरवेळी हाच असतो असंही नाही. १९९७ मध्ये कंबोडियातले प्रतिस्पर्धी नेते हुन सेन आणि रणरिद्ध या दोघांचीही पत्रं आली होती. समितीने निर्णय ढकलला आणि खुर्ची रिकामी ठेवली, ती १९९८ च्या डिसेंबरपर्यंत. म्हणून अशा बातमीत 'निर्णय लांबणीवर' वाचून थांबू नये, मधल्या काळात बसणार कोण हे अहवालात शोधावं.

निकष काय, असं विचाराल तर नेमका निकष नाहीच. १४ डिसेंबर १९५० चा ठराव ३९६ एवढंच म्हणतो, की सनदेची उद्दिष्टं आणि त्या त्या प्रकरणातली परिस्थिती पाहून ठरवावं. या शब्दांत काहीही बसतं. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने कंबोडियातलं पोल पॉटचं सरकार उखडलं आणि नोम पेन्हमध्ये हेंग सामरिन यांचं सरकार आलं. तरी त्या सप्टेंबरात आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी, ३४ तटस्थ, पोल पॉटच्या बाजूचीच अधिकारपत्रं मान्य केली. परकी फौज घुसवून बसवलेलं सरकार मान्य केलं तर वाईट पायंडा पडेल, हा त्यामागचा युक्तिवाद. ज्यांनी आपल्याच लाखो लोकांचा जीव घेतला त्यांनी त्या लोकांच्या नावाने आमसभेत बोलत राहावं, हे माझ्या मते त्या सभागृहाचं सर्वांत लाजिरवाणं मतदान आहे. भारताने १९८० मध्ये हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली, पण द्विपक्षीय मान्यतेने खुर्ची हलत नाही. ठराव ३९६ उलट बाजूनेही हे नोंदवतो: आमसभेच्या भूमिकेने देशांचे आपसातले थेट संबंध आपोआप बदलत नाहीत.

चीनचं प्रकरण (खुर्ची तैपेईच्या राष्ट्रवादी सरकारची, की पेकिंगच्या म्हणजे आजच्या बीजिंगच्या साम्यवादी सरकारची) अधिकारपत्र समितीतून सुटलंच नाही, त्यासाठी आमसभेचा स्वतंत्र ठराव लागला. तिथे मुख्य लढाई आदल्या मतदानात झाली. प्रतिनिधित्वाचा प्रश्न 'महत्त्वाचा' मानून दोन तृतीयांश बहुमत लागू करावं, अशी अमेरिकी बाजूची मागणी होती. २५ ऑक्टोबर १९७१ ला ती ५५ विरुद्ध ५९ मतांनी पडली, आणि तिथेच निकाल लागल्यासारखा होता. नंतर ठराव २७५८ ला ७६ बाजूने, ३५ विरोधात, १७ तटस्थ अशी मतं पडली. तैपेईचं शिष्टमंडळ त्याआधीच सभागृहातून निघून गेलं होतं.

मसुदा

निवेदन कसं वाचायचं, तेवढ्यापुरतं लिहितो.

मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी १९३० मध्ये अशी भूमिका मांडली, की परक्या देशाच्या सरकारवर पसंतीचा शिक्का मारणं हाच त्या देशाचा अपमान आहे. आपला राजदूत तिथे ठेवायचा की परत बोलवायचा, एवढंच आपण ठरवावं. ब्रिटनने एप्रिल १९८० मध्ये साधारण हीच वाट धरली: यापुढे मान्यता देशांना, सरकारांना नाही. कोणाशी कसा व्यवहार करतो त्यावरून काय ते समजा. मान्यता म्हणजे समर्थन, असा अर्थ लोक काढत होते, म्हणून हा बदल. पण गरज पडली तेव्हा ब्रिटनने स्वतःचा नियम बाजूला ठेवला: जुलै २०११ मध्ये लिबियाच्या राष्ट्रीय संक्रमण परिषदेसाठी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्वायदोंसाठी.

निवेदनात आधी नाम शोधा. 'जनतेचे वैध प्रतिनिधी' आणि 'सरकार' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिका आणि ब्रिटनने २०१२ मध्ये सीरियाच्या विरोधी आघाडीसाठी पहिला शब्दप्रयोग केला आणि संयुक्त राष्ट्रांतली जागा दमास्कसकडेच राहिली. 'प्रतिनिधी' म्हटल्याने भेटीगाठी आणि मदतीचा रस्ता मोकळा होतो. दूतावास, खाती, करार यांतलं काहीच हलत नाही.

मग क्रियापद पाहा, आणि त्यानंतर कागद कुठवर पोहोचला ते. नवा राजदूत पाठवायचा तर यजमान देशाची पूर्वसंमती घ्यावी लागते. तो आल्यावर अधिकारपत्राची प्रत परराष्ट्र खात्यात देतो आणि मूळ पत्र राष्ट्रप्रमुखांच्या हाती देतो. प्रभारी राजदूताचं पत्र मात्र परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे असतं, राष्ट्रप्रमुखांपर्यंत जातच नाही. ज्यांना संबंध हवेत पण मान्यता द्यायची नाही, ते देश म्हणून 'प्रभारी'वर काम भागवतात.

तालिबानच्या बाबतीत या पायऱ्या सुट्या सुट्या दिसतात. चीनने ३० जानेवारी २०२४ ला त्यांच्या राजदूताचं पत्र थेट शी जिनपिंग यांच्या हाती स्वीकारलं, पण मान्यता दिल्याची घोषणा केली नाही. रशियाने एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून तालिबानवरची बंदी स्थगित करून घेतली आणि ३ जुलै २०२५ ला स्पष्ट शब्दांत मान्यता दिली. २०२१ नंतर असं करणारा तो पहिला देश. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा दिला, मान्यतेचं निवेदन काढलं नाही.

उंबरठा

दोघांचेही आभार. नियम २९ माहीत नव्हता, आता बराच उलगडा झाला. पैशाचं कसं? बँक ऑफ इंग्लंडमधल्या सोन्याबद्दल उलटसुलट वाचलंय.

जमाखर्च

बँकेच्या बाजूने विचार करा, म्हणजे सगळं सुटसुटीत होईल. खातं देशाचं किंवा त्याच्या मध्यवर्ती बँकेचं असतं, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांची यादी बँकेकडे असते. एके दिवशी दोन वेगळी पत्रं येतात आणि दोन वेगळे गव्हर्नर सांगतात, की आधीच्या सह्या रद्द. चुकीच्या माणसाला पैसे दिले तर बँकेचं देणं फिटत नाही, खऱ्या मालकाला पुन्हा द्यावे लागतात. म्हणून बँक कुणालाच देत नाही आणि कोर्टात जाऊन विचारते.

व्हेनेझुएलाचं असंच झालं. बँक ऑफ इंग्लंडमध्ये सुमारे ३१ टन सोनं होतं, किंमत अंदाजे दोन अब्ज डॉलर. कराकसमधलं बँकेचं मंडळ मादुरोंचं, तर ग्वायदोंनी समांतर मंडळ नेमलेलं. ब्रिटिश कोर्टाने आधी सरकारला विचारलं, तुम्ही राष्ट्राध्यक्ष कोणाला मानता? कारण परराष्ट्र व्यवहारात न्यायालय आणि सरकार यांनी एकाच आवाजात बोलावं, असा तिथला दंडक आहे. गुंता असा, की ब्रिटनचा राजदूत तोवर कराकसमध्येच होता आणि मादुरोंच्या प्रशासनाशी रोजचे व्यवहार चालू होते. मान्यता एकाला आणि व्यवहार दुसऱ्याशी, असं असू शकतं का, यावर अपील न्यायालय अडलं. २० डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारचं निवेदन स्पष्ट आहे, राष्ट्राध्यक्ष ग्वायदो, त्यापलीकडे आम्ही खोदणार नाही. मात्र व्हेनेझुएलाच्या न्यायालयाने ग्वायदोंच्या नेमणुका रद्द केल्या होत्या. त्या निकालांचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा खालच्या कोर्टात गेला. तेवढ्यात ३० डिसेंबर २०२२ ला विरोधकांच्या संसदेनेच हंगामी सरकार गुंडाळण्याचा ठराव केला. इतकी वर्षं भांडूनही सोनं तिजोरीतच राहिलं.

ब्रिटनने निवेदन काढलेलंच नसेल, तर कोर्ट स्वतः तपासतं. १९९२ चा सोमालियाचा खटला त्यासाठी वाचावा. सरकारने विकत घेतलेल्या तांदळाचं जहाज लढाईमुळे मोगादिशूला पोहोचलंच नाही, माल विकून रक्कम कोर्टात जमा झाली आणि हंगामी सरकार ती मागायला आलं. न्यायाधीशांनी चार गोष्टी पाहिल्या: हे सरकार घटनेप्रमाणे आलं आहे का, प्रशासनावर त्याचा ताबा किती आणि किती टिकाऊ, ब्रिटिश सरकारचे त्याच्याशी व्यवहार कसे आहेत, आणि काठावरचं प्रकरण असेल तर इतर देश त्याला कितपत मानतात. हंगामी सरकार या चाचणीत बसलं नाही.

अफगाणिस्तानचे सुमारे सात अब्ज डॉलर अमेरिकेत होते. ते गोठले आणि त्यातले साडेतीन अब्ज पुढे स्वित्झर्लंडमधल्या एका निधीकडे वर्ग झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सगळ्या सदस्यांना राखीव हक्क (गरज पडली तर परकी चलनात बदलून घेता येतात असे) वाटले, तेव्हा अफगाणिस्तानच्या वाट्याचे सुमारे ४५ कोटी डॉलर अडकले. नाणेनिधी स्वतः मान्यता देत नाही. सदस्यांपैकी मताधिकाराच्या हिशोबाने बहुसंख्य कोणत्या सरकारला मानतात, ते पाहतो. काही मोठे देश गप्प राहिले की पैसे आपोआप थांबतात. त्याची झळ दा अफगाणिस्तान बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला बसते, हे या चर्चेत विसरलं जाऊ नये.

आता मान्यता कामी आली असं उदाहरण. आयव्हरी कोस्ट, नोव्हेंबर २०१० ची निवडणूक. जिंकले वातारा, पण सत्तेवरचे बाग्बो हटेनात. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने निकाल प्रमाणित केला होता, हा पाया. २३ डिसेंबर २०१० ला आमसभेने वातारा यांच्या राजदूताचं अधिकारपत्र स्वीकारलं. त्याच दिवशी पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांच्या चलनसंघाने ठरवलं, की देशाच्या खात्यावर सही वातारांच्या माणसांचीच. तरीही पैसे बाग्बोंकडे झिरपत होते, कारण डाकारमधल्या त्या संघाच्या बँकेचा गव्हर्नर बाग्बोंच्या जवळचा होता. जानेवारीत त्याला राजीनामा द्यावा लागला, तेव्हा कुठे नळ बंद झाला. म्हणून मी नेहमी म्हणतो, घोषणा मोजू नका. सहीची यादी बदलली का आणि ती राबवणारा माणूस बदलला का, ते बघा.

दक्षिणायन

जमाखर्च यांचा तपशील बरोबर आहे, पण 'मान्यता कामी आली' या निष्कर्षाशी मी सहमत नाही. नळ बंद झाल्यावर बाग्बोंनी मध्यवर्ती बँकेच्या स्थानिक शाखाच ताब्यात घेतल्या. फेब्रुवारीत मोठ्या व्यापारी बँकांनी शटर ओढलं, लोकांना स्वतःचे पैसे मिळेनात. आणि बाग्बो हटले ते ११ एप्रिल २०११ ला, अबिदजानमध्ये लढाई होऊन. मान्यतेने गळा आवळला हे खरं, पण शेवट बंदुकीने झाला.

ताब्याला कायद्यातही वजन आहे. कोस्टा रिकात तिनोकोंनी १९१७ ते १९१९ राज्य केलं. ब्रिटनने त्यांना मान्यता दिली नव्हती, आणि नंतर त्याच ब्रिटनने तिनोको सरकारच्या करारांवरून दावा लावला. लवाद होते अमेरिकेचे सरन्यायाधीश टॅफ्ट. त्यांनी १९२३ मध्ये ठरवलं, की प्रत्यक्ष राज्य करणारं सरकार हे सरकारच, इतरांच्या अमान्यतेने ते नाहीसं होत नाही. तरी रॉयल बँक ऑफ कॅनडा हरली, कारण तिनोको पळायच्या बेतात असताना तिने पैसे दिले आणि ते त्यांच्या खाजगी उपयोगासाठी आहेत हे तिला कळण्यासारखं होतं. अशा सरकारशी व्यवहार करणाऱ्याने पैसा सरकारी कामासाठी गेला याचा कागद जपून ठेवावा.

याची दुसरी बाजू तेलवाहू जहाजांवर दिसते. लिबियाच्या पूर्वेकडचं सरकार २०१५ च्या अखेरपर्यंत मान्यताप्राप्त होतं. २३ डिसेंबर २०१५ च्या ठराव २२५९ ने सुरक्षा परिषदेने त्रिपोलीसाठीच्या नव्या एकता सरकारला पाठिंबा दिला आणि समांतर संस्थांशी व्यवहार थांबवायला सांगितलं. एप्रिल २०१६ मध्ये पूर्वेच्या तेल कंपनीने तोब्रुकजवळच्या हरीगा बंदरातून साडेसहा लाख पिंप तेल भारतीय झेंड्याच्या 'दिस्त्या अमेया' जहाजावर चढवलं. दोन-तीन दिवसांत जहाज सुरक्षा परिषदेच्या समितीच्या काळ्या यादीत गेलं, माल्टाने घेतलं नाही, शेवटी पश्चिमेकडच्या झाविया बंदरात तेल उतरवावं लागलं. विहिरी, बंदर, सगळं पूर्वेच्या हातात होतं. नव्हता तो फक्त विक्रीचा हक्क.

दोन मध्यवर्ती बँका झाल्या की काय होतं, ते येमेनमध्ये बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यताप्राप्त सरकारने बँकेचं मुख्यालय एडनला हलवलं आणि नव्या नोटा छापल्या. हूथींनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या नोटांवर बंदी घातली. चलनाचं नाव एकच, पण २०२१ मध्ये सनात डॉलरला सुमारे ६०० रियाल आणि एडनमध्ये १००० च्या वर. एडनहून सनाला पैसे पाठवणाऱ्याची निम्मी रक्कम पाठवणावळीतच जाऊ लागली.

मसुदा

इमारतीबद्दल राहिलं होतं. सरकार बदललं म्हणजे संबंध तुटले असं नाही, त्यामुळे १९६१ च्या व्हिएन्ना करारातलं संबंधविच्छेदाचं ४५ वं कलम इथे थेट लागू होत नाही. इमारत देशाची असते आणि यजमान देश ज्याला मानतो त्याच्या माणसाकडे ती जाते. पण तारीख फार महत्त्वाची. डिसेंबर १९४९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारने हाँगकाँगमध्ये अडकलेली ४० विमानं एका अमेरिकी कंपनीला विकली. ब्रिटनने पेकिंगला मान्यता दिली ६ जानेवारी १९५० ला. विमानं कोणाची, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (वसाहतींसाठीचं शेवटचं अपील न्यायालय) गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला: मान्यता मागच्या तारखेने लागू झाली तरी आधीच्या मान्य सरकारने वेळेत केलेली विक्री रद्द होत नाही.

तैपेईने हा धडा लक्षात ठेवला. अमेरिका १ जानेवारी १९७९ पासून पेकिंगला मान्यता देणार हे जाहीर झाल्यावर वॉशिंग्टनमधलं राजदूताचं निवासस्थान 'ट्विन ओक्स' डिसेंबर १९७८ मध्येच एका मित्रसंस्थेला दहा डॉलरला विकलं. नंतर ते परत घेतलं, आजही ते तैवानकडे आहे. जपानमध्ये क्योटोतल्या, तैपेईच्या नावावरच्या विद्यार्थी वसतिगृहाचं असं काही केलं नव्हतं. १९६७ मध्ये लागलेल्या त्या दाव्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं, की १९७२ मध्ये जपानने पेकिंगला मान्यता दिली तेव्हाच तैपेईच्या प्रतिनिधीचा दावा चालवण्याचा अधिकार संपला. चाळीस वर्षांनी खटला पुन्हा पहिल्या कोर्टात.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. साध्या माणसाचा पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र? सरकारच अमान्य, तर कागदही अमान्य?

टाचणवही

नाही, आणि हे ठणकावून सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेच्या बेकायदा ताब्यातल्या नामिबियावरच्या २१ जून १९७१ च्या सल्ल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं, की बेकायदा प्रशासनाची कृत्यं अवैध असली तरी जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी त्यातून वगळाव्यात, नाहीतर शिक्षा रहिवाशांनाच होते. बऱ्याच देशांची न्यायालयं आज याच वाटेने जातात.

पासपोर्टचं वेगळं. तो स्वीकारायचा की नाही हे व्हिसा देणारा देश ठरवतो, आणि त्यासाठी सरकारला मान्यता असावीच लागते असं नाही. खरी कोंडी होते ती दूतावास एकाचा आणि राजधानी दुसऱ्याची असली की. ३० जुलै २०२४ ला काबूलच्या परराष्ट्र खात्याने जुन्या प्रजासत्ताकाच्या माणसांकडे असलेल्या १४ दूतावासांचे कागद यापुढे चालणार नाहीत असं जाहीर केलं. त्यांत लंडन आणि बर्लिनही होते. म्हणजे लंडनमधल्या अफगाण माणसाने तिथे साक्षांकित करून घेतलेलं मुखत्यारपत्र काबूलच्या कचेरीत निरुपयोगी. अशा वेळी कागद कुठे वापरायचा आहे ते आधी ठरवावं. काबूलमधल्या जमिनीसाठी हवा असेल तर काबूल मानतं अशाच दूतावासाकडून करून घ्यावा, भले तो शेजारच्या देशात असो. राहत्या देशात वापरायचा असेल तर तिथल्या खात्याला लेखी विचारावं, की कोणत्या तारखेपर्यंतचे आणि कोणत्या दूतावासाचे शिक्के तुम्ही घेता. तारीख विचारायला विसरू नये, बहुतेक अर्ज तिथेच परत येतात.